भिंतीची ओल नक्की कुठून येतेय? (आणि घरातली इतर किरकोळ दुरुस्ती)

गावभागकर, १२ जून

नमस्कार मंडळी. घर सांगलीत, गावभागात. खाली दगड-विटांचं जुनं बांधकाम, वर नंतर टाकलेला स्लॅब. २०१९ च्या पुरात खालच्या खोल्यांत छातीपर्यंत पाणी होतं, २०२१ ला गुडघाभर.

अडचण स्वयंपाकघरातल्या भिंतीची आहे. जमिनीपासून साधारण गुडघ्याच्या वरपर्यंत रंग फुगतो, हात लावला की पापुद्रे निघतात आणि आत पांढरी बुरशीसारखी पावडर. चार वर्षांत तीनदा रंग दिला. पहिल्यांदा नुसता रंग, दुसऱ्यांदा पुट्टी मारून, तिसऱ्यांदा आतून वॉटरप्रूफ कोट. तिसऱ्या वेळी फरक एवढाच पडला की पापुद्रे जास्त मोठे निघाले.

आईचं म्हणणं, पुराचं पाणी भिंतीत मुरलंय, ते जाणार नाही. रंगारी म्हणतो पुट्टी हलकी होती. एका कंपनीचा माणूस येऊन गेला, भिंतीला भोकं पाडून इंजेक्शन देतो म्हणाला आणि ३८ हजारांचा आकडा सांगितला. भिंतीकडे त्याने दारातूनच पाहिलं होतं.

शनिवार-रविवार मोकळा असतो. थापी, पक्कड, हातोडी वापरता येते. स्वतः काय करता येईल ते सांगा. शिवाय संडासाचा फ्लश रात्रभर झिरपतो आणि मागचं दार पाऊस सुरू झाल्यापासून लागत नाही. पण आधी भिंत.

हळदबाजार, १२ जून

भावा, डोकं लावू नकोस. तीन फुटांपर्यंत टाईल मारून टाक. आमच्यात तेच केलंय, विषय संपला.

निवृत्त_ओव्हरसीअर, १२ जून

हळदबाजार, विषय संपत नाही, वर सरकतो. भिंतीतलं पाणी बाहेर पडायला पृष्ठभाग शोधत असतं. दिव्याची वात तेल ओढते तशी वीट आणि गिलावा खालचं पाणी वर ओढतात. ते पाणी जिथं सुकतं तिथं त्यातले क्षार मागे राहतात. तुम्ही ज्याला बुरशी म्हणताय तो बहुधा लोणा आहे. थोडी पावडर पाण्यात टाकून बघा, विरघळली तर लोणा. हे क्षार रंगाच्या पाठीमागे स्फटिक होऊन फुगतात आणि रंग ढकलतात. रंग जितका घट्ट आणि हवाबंद, तितका पापुद्रा मोठा. म्हणून तुमचा तिसरा प्रयोग सगळ्यात वाईट निघाला. टाईल लावली की तेच पाणी टाईलच्या वर, चार फुटांवर येऊन बसेल. बघा हळदबाजार, दोन पावसाळ्यांनी कळवा.

गावभागकर, औषध विचारण्याआधी एवढं सांगा. त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे? उन्हाळ्यात, मे महिन्यात ती सुकते का? ओलीची वरची कड सगळ्या भिंतीवर सरळ रेषेत आहे की एका जागी डोंगरासारखी उंच आहे? घरातल्या बाकीच्या भिंतींना, ज्या त्याच पुरात बुडाल्या होत्या, लोणा आहे का?

रंगवाला, १२ जून

मी याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. रंगाऱ्याला सगळे शिव्या घालतात. आम्ही सांगतो की भिंत दोन-तीन महिने उघडी ठेवा. गिऱ्हाईक म्हणतं, गणपतीच्या आधी झालं पाहिजे, पाहुणे येणार आहेत. मग आम्ही पुट्टी मारतो. आम्हाला पण कळतं ती निघणार आहे ते.

गावभागकर, १३ जून

रंगवालादादा, मुद्दा मान्य. आमचे तिन्ही रंग गणपतीच्या आधीचेच आहेत.

ओव्हरसीअर काका, तुमच्या प्रश्नांची उत्तरं लिहिताना माझं मलाच विचित्र वाटायला लागलं. भिंतीपलीकडे मोरी आहे, भांडी आणि कपडे तिथंच होतात. मे महिन्यात पण भिंत ओलीच होती. ओल डोंगरासारखी आहे, मोरीचा कोपरा आहे त्या बाजूला उंच आणि दाराकडे उतरत जाते. आणि बाकीच्या भिंतींना थोडा लोणा येतो, पण झाडून घेतला की वर्षभर काही नाही. पुरात सगळ्याच बुडाल्या होत्या.

तारयंत्र, १३ जून

मध्येच बोलतो, माफ करा. मी वायरमनचं काम करतो. स्वयंपाकघरातल्या त्या भिंतीवर मिक्सरचा बोर्ड आहे का? असला तर बाकी सगळं राहू द्या, आधी तो बोर्ड बंद करा.

गावभागकर, १३ जून

आहे. ओलीच्या कडेपासून वीतभर वर. मागच्या आठवड्यात आईला मिक्सरला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं होतं. मला वाटलं मिक्सर जुना झाला.

तारयंत्र, १३ जून

दादा, आत्ता उठा आणि त्या बोर्डाचा एमसीबी पाडा. मिक्सर दुसऱ्या खोलीत न्या. मुंग्या येणं म्हणजे गळती करंट. तो मिक्सरमधून असेल नाही तर ओल्या बोर्डातून, पण दोन्हींत माणूस जातो.

लोकांचा एक गैरसमज आहे की एमसीबी बसवला म्हणजे शॉक लागत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, १६ अँपिअरचा एमसीबी माणूस चिकटला तरी पडत नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलीअँपिअरचा. गेलेला आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो सगळी लाईन तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. खटकन पडला पाहिजे. पडला नाही तर बदलायचा. हे बसवायचं काम स्वतः करू नका, लायसनवाल्याकडून करून घ्या आणि त्याच वेळी अर्थिंग तपासायला सांगा. पुरात बुडालेल्या घरात अर्थिंगची तार पुष्कळदा कुजलेली सापडते.

टेस्टर लावून बोर्ड ठीक आहे म्हणू नका. टेस्टरला गळती दिसेलच असं नाही.

चटणीभाकरी, १३ जून

तारयंत्र दादा, धन्यवाद. मी पण आत्ता उठून आमचं ते बटण दाबून आले. पडलं नाही. चार वर्षं शोभेला होतं म्हणायचं.

निवृत्त_ओव्हरसीअर, १४ जून

बोर्डाचं झालं हे उत्तम. आता भिंत. तुमची उत्तरं वाचून मला पुरापेक्षा मोरीचा संशय जास्त आहे. पुराची ओल सगळ्या भिंतींना सारखी दिसली असती. पण संशयावर फोडाफोडी करू नका. पैसे न लागणाऱ्या तीन परीक्षा करा.

पहिली. ओलीवरचा सुटा रंग खरवडा आणि हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा. दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या अंगाला असले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या अंगाला असले तर खोलीतल्या दमट हवेचं पाणी थंड भिंतीवर सुटतंय. मग इलाज खिडकी आणि पंखा, गवंडी नाही.

दुसरी. ओलीची कड पेन्सिलने आखा, बाजूला तारीख घाला. वरच्या टाकीचा कॉक बंद करून दोन दिवस बादल्यांनी पाणी वापरा, पण मोरी नेहमीसारखी चालू द्या. कड मागे सरकली तर भिंतीतला दाबाचा पाईप गळतोय.

तिसरी. कड हलली नाही तर कॉक सुरू करा आणि चार-पाच दिवस मोरी पूर्ण बंद. भांडी, कपडे मागच्या अंगणात. आता कड मागे सरकली तर गळती सांडपाण्याची आहे.

घाई करून दोन्ही परीक्षा एकदम करू नका, काहीच कळणार नाही.

तंबोरा, १४ जून

ओव्हरसीअर काका, मी मिरजेहून. आमच्याकडे ओल नाही, भेगा आहेत. घर मिरजेच्या बाहेर शेताकडेला, काळ्या रानात. कंपाउंडच्या भिंतीला आणि हॉलच्या कोपऱ्याला दर उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेग पडते, पावसाळ्यात मिटते. मी दर मे महिन्यात सिमेंट भरतो. पुढच्या वर्षी शेजारी नवी भेग. काय चुकतंय?

निवृत्त_ओव्हरसीअर, १४ जून

तुम्ही भेग भरताय आणि जमीन तिला हसतेय. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. रानात मे महिन्यात पडलेल्या भेगा बघितल्यात ना, पाय अडकेल एवढ्या? तेच पायाखाली चाललेलं असतं. घराच्या मधली माती झाकलेली म्हणून जरा स्थिर, कडेची माती मात्र दर वर्षी वर-खाली होते. म्हणून भेगा कोपऱ्यात आणि तिरक्या. मे महिन्यात भेग पूर्ण उघडी असते. तेव्हा कडक सिमेंट ठासलं की पावसाळ्यात तिला मिटायला जागा राहत नाही आणि भिंत दुसरीकडे फुटते.

तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे कडेच्या मातीची ओल वर्षभर शक्य तितकी सारखी ठेवणं. घराभोवती तीन-चार फूट रुंद फरशी किंवा काँक्रीटचा पट्टा करा, उतार घरापासून बाहेर. पन्हळीचं पाणी जोत्याच्या बुडाशी पडू देऊ नका, पाईपने लांब न्या. भिंतीला चिकटून मोठं झाड असेल तर उन्हाळ्यात तेही बुडातलं पाणी ओढतं. आणि जोत्याला लागून केळी लावून रोज पाणी सोडत असाल तर तेही बंद करा.

भेगेत सिमेंट नको, लवचीक भराव घाला. अ‍ॅक्रिलिकचा क्रॅक फिलर मिळतो. भेगेवर आडवी काचपट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवून तारीख घाला. काच फुटली तर भेग हलतेय. पावसाळ्यातही मिटत नसेल, दर वर्षी रुंद होत असेल, किंवा कॉलमवर उभी भेग पडून गंजाचा डाग दिसत असेल, तर हा धागा बंद करून इंजिनिअरला घरी बोलवा. ते काम थापीचं नाही.

तंबोरा, १४ जून

केळी आहेत. तुम्हाला कसं कळलं?

चटणीभाकरी, १४ जून

मिरजेत जोत्याला केळी नसतील असं घर दाखवा.

गावभागकर, तोपर्यंत तुमच्या फ्लशचं. टाकीत चमचाभर हळद टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात पिवळं पाणी उतरलं आणि टाकीतल्या उभ्या नळीतून पाणी वाहत नसेल तर टाकीच्या बुडातला रबरी वायसर गेला. त्या नळीतूनच पाणी वाहत असेल तर फ्लोट वर बसलाय, तो खाली घ्यायचा. पाणी नळीच्या तोंडाच्या बोटभर खाली थांबलं पाहिजे.

कासचं_पाणी, १५ जून

ताई, सांगलीत राहून हळद अशी वाया घालवता? मी साताऱ्यात हाच प्रयोग केला होता. एक तर हळद पाण्यात नीट विरघळत नाही, अर्धी तळाशी बसते. दुसरं, भांड्याला पिवळा डाग पडला म्हणून सौभाग्यवतींनी धुण्याची पावडर टाकून घासलं तर सगळं लालभडक! घरात आरडाओरडा. नंतर आठवलं की हळदीला चुना लावूनच तर कुंकू करतात, साबणाचा खारही तेच करतो. त्यापेक्षा कपड्याची नीळ चार थेंब टाका.

चटणीभाकरी, १५ जून

मान्य. नीळ. (पण लाल संडास वाचून पोट दुखेपर्यंत हसले.)

कासचं_पाणी, १५ जून

आमच्याकडचा त्रास वेगळा आहे, तोही लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल. घर यवतेश्वरच्या पायथ्याच्या अंगाला. आमचा पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त पडतो. पश्चिमेची भिंत खिडकीखाली ओली व्हायची. दोन वर्षं गच्चीवर पैसे घातले, कोबा केला, केमिकल मारलं, ओल तशीच. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहून पाहिलं. छज्जाच्या पुढच्या कडेवरून पाणी खाली न पडता छज्जाच्या पोटाला चिकटून आत सरकत होतं आणि खिडकीच्या चौकटीवर उतरत होतं.

त्याने छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोन इंच आत, करंगळी बसेल एवढी लांबलचक खाच मारली. पाणी त्या खाचेपाशी येतं आणि थेंब होऊन पडतं. खिडकीच्या बाहेरच्या दगडाचा उतार आत होता, तो बाहेर केला. एक दिवसाचं काम. गच्चीवर घातलेले पैसे आठवले की अजून झोप येत नाही.

हळदबाजार, १५ जून

हे भारी आहे. बाहेर उभं राहून बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, सगळे आतून भिंत न्याहाळतात.

नवखा_मिस्त्री, १६ जून

माझा छोटा प्रश्न. पंखा पाचवर ठेवला तरी एकवर फिरतो. हाताने ढकलला की सुरू होतो. मोटर गेली का?

तारयंत्र, १६ जून

नाही, कंडेन्सर. शंभर रुपयांच्या आतलं काम. एमसीबी पाडा, पंख्याच्या वरची वाटी खाली सरकवा, कंडेन्सर काढा आणि तोच घेऊन दुकानात जा. त्यावर २.५० मायक्रोफॅरड किंवा ३.१५ असा आकडा असतो, तोच आणायचा. जास्तीचा बसवला की पंखा जोरात पळतो म्हणून काही जण तसं करतात, वाइंडिंग तापून जळतं. काढण्याआधी वायरींचा मोबाईलवर फोटो घ्या. स्टूल हलतं असेल तर खाली कुणाला तरी धरायला लावा. आमच्या धंद्यात शॉकइतकीच पडापडीही होते.

वारणाकाठ, १७ जून

बोअरच्या पाण्याने शॉवर आणि नळाची जाळी बंद झालीय. दुकानदाराने अ‍ॅसिड दिलंय. टाकू का?

निवृत्त_ओव्हरसीअर, १७ जून

नको. नळाची चकाकी जाईल. आणि न्हाणीघरात ब्लीचिंग किंवा कसला क्लीनर पडलेला असेल तर त्यात अ‍ॅसिड मिसळून क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीत तो जीव घेतो. जाळी हाताने फिरवून सुटते. लिंबूसत्व कोमट पाण्यात कालवा किंवा व्हिनेगर घ्या आणि तिला रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी जुन्या ब्रशने घासा. शॉवर निघत नसेल तर तेच पाणी पिशवीत भरून शॉवरला बांधा. चिंचेचं पाणीही चालतं, वेळ जास्त लागतो.

गावभागकर, २३ जून

मंडळी, उशीर झाला कारण परीक्षा एकेक करत बसलो.

प्लास्टिक: दुसऱ्या दिवशी भिंतीकडच्या अंगाला थेंबच थेंब. म्हणजे पाणी भिंतीतूनच.

टाकीचा कॉक दोन दिवस बंद: कड जागच्या जागी. याच दोन दिवसांत बादल्या वाहून माझी कंबर धरली.

मोरी पाच दिवस बंद: तिसऱ्या दिवशी पेन्सिलची रेघ आणि ओल यांच्यात बोटभर अंतर पडलं. पाचव्या दिवशी चार बोटं. पाऊस चालू असताना!

आई मोरी बंद म्हणून रोज बोलत होती. पाचव्या दिवशी तिला रेघ दाखवली. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी शेजारच्या काकूंना बोलावून रेघ दाखवत होती.

आता फोडायचं कुठं? मोरीची फरशी सगळी उखडायची का?

निवृत्त_ओव्हरसीअर, २३ जून

सगळी नाही. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे मोरीचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या, भोवतीचा फक्त हातभर चौकोन. मोरीचं दुखणं बहुतेक वेळा तिथंच सापडतं. जुनी चिनीमातीची किंवा बिडाची नळी काढून मध्ये कधी पीव्हीसी बसवलीय का?

गावभागकर, २३ जून

२०१९ च्या पुरानंतर. चोकअप झालं म्हणून बदलली होती.

निवृत्त_ओव्हरसीअर, २३ जून

मग तुमची आई एका अर्थाने बरोबर आहे, पुरानेच केलं. पीव्हीसी गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला धरत नाही. वर्षभरात पाईप आणि सिमेंटमध्ये केसाएवढी फट पडते आणि मोरीतलं पाणी ट्रॅपच्या आत जाण्याऐवजी बाहेरून उतरतं. फोडा आणि सांगा. छिन्नी तिरकी धरा, ट्रॅपवर घाव घालू नका, डोळ्यांना चष्मा.

गावभागकर, २९ जून

सापडलं!

चार फरशा काढल्या. खालचा कोबा ओल्या बिस्किटासारखा हाताने निघाला. ट्रॅपच्या गळ्याभोवती नखाची कड जाईल एवढी फट. मोरीत नीळ घातलेलं पाणी ओतलं, आणि काही सेकंदांत फटीतून निळं पाणी खालच्या चुऱ्यात उतरताना डोळ्यांनी दिसलं. भिंत तिथून एक वीतभर.

पुढचं काल्याने सांगितलेलं. काल्या म्हणजे आमच्या गल्लीतला प्लंबर, सगळे त्याला याच नावाने हाक मारतात. तो येऊन बघून गेला, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. नवीन ट्रॅपच्या आणि पाईपच्या बाहेरच्या अंगाला पॉलिश पेपर मारायचा, सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी पाईप जोडायचं चिकट द्रावण) लावायचं आणि ते ओलं असतानाच त्यावर कोरडी चाळलेली वाळू शिंपडायची. वाळल्यावर पाईप खरखरीत होतो, दगडासारखा, आणि मग सिमेंट त्याला धरून बसतं. हे इतकं सोपं आहे आणि मागच्या वेळी कुणी केलं नव्हतं.

त्यानंतर एकास तीन सिमेंट-वाळू, त्यात वॉटरप्रूफिंगचं दुधासारखं द्रावण. ट्रॅपभोवती भरून ठोकलं. भिंत आणि मोरीची फरशी मिळते त्या कोपऱ्यात गोलाई देऊन वाटा मारला. उतार ट्रॅपकडे. गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारणार आहे. मग ट्रॅपमध्ये बोळा घालून मोरीत चार बोटं पाणी चोवीस तास ठेवणार.

खर्च: ट्रॅप, पाईपचा तुकडा, सॉल्व्हंट, द्रावण, अर्धी गोणी सिमेंट आणि चार फरशा. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. ३८ हजार आठवतात का?

तारयंत्र, २९ जून

मस्त. आरसीसीबी?

गावभागकर, २९ जून

बसवला. अर्थिंगची तार खरंच कुजलेली निघाली, नवीन टाकली. मिक्सरही दाखवला, त्यात दोष नव्हता. बोर्ड दुसऱ्या भिंतीवर हलवला.

रंगवाला, ३० जून

आता भिंतीला लगेच रंग लावायचा विचार करू नका एवढीच विनंती.

निवृत्त_ओव्हरसीअर, ३० जून

रंगवाल्यांशी शंभर टक्के सहमत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

गावभागकर, तुमच्या पेन्सिलच्या पहिल्या रेघेच्या वर एक फुटापर्यंतचा गिलावा पूर्ण काढा, विटांपर्यंत. त्यात चार वर्षांचे क्षार बसलेत, तो ठेवला तर ओल थांबूनही लोणा येत राहील. विटांच्या सांध्यातला मऊ माल बोटभर खरवडा. मग भिंत उघडी सोडा. सुकताना लोणा वर येईल, येऊ दे. दर आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडा आणि तो चुरा सुपलीत घेऊन बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीत. पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे दिवाळीपर्यंत तरी वाट बघा.

नंतर गिलावा शक्यतो चुन्याचा करा. तुमची जुनी भिंत आहे, चुन्यातून तिची वाफ बाहेर पडते. चुना हळू पिकतो, गवंडी कुरकुर करेल. वर साधा चुन्याचा हात द्या, प्लास्टिक पेंट नको.

हळदबाजार, ३० जून

आणि गणपतीला पाहुणे आले की उघड्या विटा दाखवायच्या का?

चटणीभाकरी, ३० जून

पुढे गव्हाच्या पोत्यांची थप्पी लावा!

निवृत्त_ओव्हरसीअर, ३० जून

नाही हो ताई, भिंतीला हवा लागायला पाहिजे. आणि गहू पण जातील.

गावभागकर, ८ जुलै

चोवीस तास पाणी ठेवलं, पातळी कडेला खडूने आखली होती. जागची हलली नाही. फरशा बसवल्या. मोरी आईच्या ताब्यात परत.

गिलावा काढलाय. आईला उघड्या विटा बघवत नाहीत, तिने तिथं दोन खिळे मारून कॅलेंडर आणि चाळणी लटकवलीय. मी काढतो, ती परत लावते. शेवटी चाळणी मान्य केली, तिच्यातून हवा जाते.

फ्लशचा वायसर बदलला, नीळ उतरली होती. आता दाराचं सांगा. खालच्या बाजूला चौकटीला घासतं. रंधा मारून घेऊ का?

सुताराचा_नातू, ८ जुलै

अजिबात नको. लाकूड फुगलंय. आत्ता रंधून बसवलं तर जानेवारीत बोटभर फट पडेल आणि मांजर त्यातून येईल. आधी बिजागऱ्या बघा. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले असले तर दार खाली झुकतं आणि फुगण्याच्या नावावर खपतं. दार अर्धं उघडून मुठीकडून वर उचलून बघा, हललं तर तेच.

स्क्रू काढा, भोकात फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या आगकाड्या ठासून भरा, गुल काढून. रात्रभर वाळू द्या, बाहेर आलेली टोकं पात्याने कापा आणि तोच स्क्रू परत पिळा. नव्या लाकडासारखा धरतो. त्यानंतरही घासत असेल तर घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळा आणि पावसाळा काढा.

दिवाळीनंतर दार उतरवा. मग खालची आणि वरची कड बघा. तिथं रंग दिलेला नसतोच, कारण ती कुणाला दिसत नाही, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच.

गावभागकर, ९ जुलै

उचलून बघितलं. हललं. वरच्या बिजागरीचे तीनपैकी दोन स्क्रू बोटानेच निघाले. आगकाड्या भरल्यात, उद्या पिळतो.

खालच्या कडेखाली आरसा धरून बघितलं. कोरं लाकूड, रंगाचा थेंब नाही. रंगवालादादा, हे दार पण तुमच्याच धंद्यातल्या कुणीतरी रंगवलंय.

रंगवाला, ९ जुलै

गणपतीच्या आधी असणार.